विजेची गिटार

"काका, नातवासाठी बघताय ना?" दुकानातल्या मुलाने विचारले आणि मी बेलाशक "हो" म्हणून मोकळा झालो.

एरवी खोटे बोलण्याचा मला सराव नाही. एकतीस वर्षे बँकेत रोखपाल म्हणून काढल्यावर माणसाला खरे बोलण्याची एक प्रकारची खोडच लागते. पण प्रसंगच तसा होता. समोरच्या भिंतीवर तांबड्या, निळ्या, काळ्याभोर विजेच्या गिटारी शस्त्रागारातल्या तलवारींसारख्या टांगलेल्या. आजूबाजूला विशीतली पोरे एकेक गिटार उतरवून असा काही झणत्कार करीत होती की कपाटांच्या काचा थरथराव्यात. आणि त्यांच्या मधोमध मी. वय वर्षे सहासष्ट, हातात भाजीची पिशवी, खिशात रक्तदाबाच्या गोळ्या. 'माझ्यासाठीच हवी आहे' असे तिथे सांगणे म्हणजे सराफाकडे जाऊन आजोबांनी स्वतःच्या साखरपुड्याची अंगठी मागण्यापैकीच होते. तेव्हा नातू पुढे केला. वास्तविक माझा नातू अडीच वर्षांचा असून सध्या त्याला पातेले आणि पळी ही दोनच वाद्ये येतात.

या एका खोट्याची शिक्षा मला तीन महिने भोगावी लागली. पण ती सांगण्याआधी, या वयात मला ही अवदसा आठवलीच का, ते सांगायला हवे.

मढ हे आमचे गाव. जुन्नर तालुक्यात, कल्याणहून नगरला (आता अहिल्यानगरला) जाणाऱ्या रस्त्यावर. पावसाळ्यात मुंबईची मंडळी भिजायला येतात ती माळशेज घाटात. आमच्या गावावरून त्यांच्या मोटारी नुसत्या धावतात. जवळच पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी पसरलेले, वर हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांची रांग, आणि चार महिने असा पाऊस की शेजारच्या घरातले माणूस हाक मारते आहे की भांडते आहे ते कळू नये. तिथे आमचे थोरले बंधू, दादा, भाताची शेती करतात. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, त्यामुळे मला शिकवले, पुण्याला धाडले, माझे लग्न जमवले ते सगळे दादांनीच.

गिटारही त्यांनीच घेऊन दिली. माझ्या लहानपणी आमच्या ओसरीवर एक रेडिओ होता आणि त्यावर अधूनमधून व्हॅन शिपले किंवा हजारा सिंग यांनी गिटारवर वाजवलेल्या सिनेमाच्या चाली लागत. मी जेवण सोडून ऐकत बसे. दादा काही बोलत नसत. पण १९७७ साली मी कॉलेजसाठी पुण्यात आलो आणि दिवाळीच्या सुट्टीला गावी जाण्याआधी ते स्वतःच माझ्या खोलीवर हजर झाले. भात विकून आले होते. "चल, ते रेडिओतलं वाद्य घेऊ," म्हणाले. दुकानदाराने जी दाखवली ती घेतली. ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची हवाई पद्धतीची गिटार नव्हती, साधी छातीशी धरून वाजवायची स्पॅनिश गिटार होती, हे आम्हा दोघांनाही घरी आल्यावर कळले. ऐकले होते एक आणि आणले दुसरेच. पण आणले ते आणले. मी तीच शिकलो.

तेव्हापासून आमचा एक परिपाठ होता. दर दिवाळीला मी मढला जायचे, जेवणे झाली की पडवीत सतरंजी अंथरायची, मी गिटार घ्यायची आणि दादांनी अभंग, गवळणी, एखादे नाट्यपद असे मनाला येईल ते म्हणायचे. दादा गावच्या भजनी मंडळात म्हणत, पण तिथे टाळ-पखवाजात माझ्या गिटारला कोणी उभे केले नसते, करूही नये. ही आमची पडवीतली मैफल घरची होती. वहिनी सुपारी कातरीत ऐकत. त्यांचा अभिप्राय सत्तेचाळीस वर्षांत बदललेला नाही : "आज बरं झालं."

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री दादा म्हणाले, "मला दम लागतोय. आज तूच वाजव, मी पडून ऐकतो." माझ्यापासून चार हातांवर त्यांची खाट. मी एक जुनी चाल घेतली आणि डोळे मिटून वाजवू लागलो. कडवे संपवून पुन्हा मुखड्यावर आलो, तोच दादांचा आवाज आला :

"बापू, थांबलास का रं? वाजीव की अजून."

मी थांबलो नव्हतो. माझी बोटे तारांवरच होती.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले आणि हलकेच मान हलवली. त्यांना ठाऊक होते. माणसे बोलतात ते दादांना गेली दोन वर्षे नीट ऐकू येत नव्हते. पण त्यांनी ओठ बघून, अंदाज बांधून, आणि प्रत्येक वाक्याला "बरोबर हाय" म्हणून ते झाकून ठेवले होते.

दादांना मी पुण्याला आणले, कानांची तपासणी केली. त्यात एक आलेख काढतात. डावीकडे खर्ज, उजवीकडे उंच स्वर, आणि ऐकू येण्यासाठी किती मोठा आवाज लागतो ते वरून खाली. दादांची रेघ डावीकडून निघून उजवीकडे घाट उतरावा तशी उतरत गेली होती. वयाने येणारा बहिरेपणा बहुतेक असाच येतो म्हणतात. आधी उंच आवाज जातात. बोलण्यातले स, श, फ हे वर्ण त्या उंच भागात असतात, म्हणून 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' अशी तक्रार होते. खर्जाकडचे मात्र पुष्कळ शाबूत राहते.

श्रवणयंत्र घेतले. त्याने बोलणे सुधारले. वहिनींशी भांडणही पूर्ववत सुरू झाले. पण माझी गिटार ऐकताना दादा कपाळाला आठ्या घालीत आणि शेवटी यंत्र काढून ठेवीत. "त्यातनं तुझं वाद्य रडतंय," म्हणाले. मी तपासणाऱ्या बाईंना विचारले. त्यांनी समजावले की हे यंत्र मुळात माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेले असते. त्याच्या छोट्या कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा त्याच्याच कानात शिरला की ते शिट्टी मारू लागते. ती शिट्टी दाबण्याची सोय त्यातच केलेली असते. आणि गिटारचा लांबलेला सूर कानी पडला की त्याला ती आपलीच शिट्टी वाटते. मग ते त्या सुरालाच दाबू पाहते. संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते. तीही करून पाहिली. थोडा फरक पडला, पण पडवीतल्या त्या चार हातांवर माझी जुनी गिटार काही पोचेना.

तेव्हा दादांच्या मुलाने, माझ्या पुतण्याने, तोड काढली. "काका, इलेक्ट्रिक गिटार घ्या. आबांच्या उशाशी स्पीकर ठेवू. पाहिजे तेवढा आवाज."

मी आधी काटकसरीचा मार्ग धरला आणि जुन्या गिटारलाच पिकअप बसवून घेतला. पण पोकळ पोटाची गिटार स्पीकरजवळ नेऊन आवाज वाढवला की तिचे पोटच त्या आवाजाने घुमू लागते, आणि सूर बाजूला राहून नुसता हुंकार निघतो. शिवाय माझीही बोटे आता पूर्वीची उरलेली नाहीत. सकाळी उठल्यावर डाव्या हाताचे अनामिकेचे बोट आखडलेले असते. साध्या गिटारच्या सहा तारा मिळून मानेवर सत्तर किलोच्या आसपास ताण देतात. एवढा ताण बोटांच्या टोकांनी दाबून धरायचा, तोही गीत संपेपर्यंत. दादांचे कान आणि माझी बोटे एकाच सुमारास निवृत्त होऊ पाहत होती.

तर असा मी त्या दुकानात शिरलो आणि नातवाच्या नावाने खोटे बोललो. आता नातवासाठी म्हटल्यावर त्या मुलाने नातवाला शोभेल अशीच गिटार माझ्या हातात द्यावी यात त्याची काय चूक? तांबडीबुंद, दोन शिंगांची, भरीव लाकडाची. मी ती वाजवूनही पाहिली नाही. एवढ्या पोरांदेखत माझी तीन-चार सुरावटींची विद्या कोण उघडी करणार? पैसे मोजले आणि घरी आणली. सौभाग्यवतींनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि "रंग छान आहे" एवढेच म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात मी शिकलो आहे की, नुसत्या रंगाची स्तुती ही स्तुती नसते.

ती गिटार वाईट नव्हती. ती माझी नव्हती. मांडीवर घेतली की मानेकडचा भाग खाली झुके. माझ्या जुन्या गिटारचे पोट चार-साडेचार इंच खोल. त्यावर उजवा कोपर टेकायची पन्नास वर्षांची सवय. हिची जाडी पावणेदोन इंच. माझा कोपर आधार शोधीत पुढे जाई आणि हात तारांच्या भलत्याच जागी पडे. वजन मात्र जवळजवळ दुप्पट. आणि तारा! साध्या गिटारवर मी जो संच वापरतो त्यातली पहिली तार इंचाच्या हजार भागांपैकी बारा भाग जाडीची असते, हिच्यावर नऊ. सगळा संच मिळून ताण जेमतेम चाळीस किलो. वाटले, वा, बोटांना सुख झाले. पण माझी बोटे सत्तर किलोंची सवय झालेली. नेहमीच्या जोराने दाबले की तार चढे आणि सूर बेसूर होई. सर्वांत खट्याळ तिसरी तार. साध्या गिटारवर तिच्यावर बारीक तारेचे वेष्टण असते. या गिटारींवर ती बहुधा उघडीच असते, आणि उघडी तिसरी तार जरा जास्त दाबली की लगेच वर सरकते. मानही अरुंद. एका तारेसाठी ठेवलेले बोट शेजारणीला धक्का देई. तीन महिने मी नेटाने बसलो. शेवटी स्वतःलाच कबूल केले की, मी गिटार वाजवीत नसून तिची मनधरणी करतो आहे. दुकानदाराने ती परत घेतली. अर्थात काही रक्कम कापून. माझ्या खोट्याचा तो दंड मी मुकाट्याने भरला.

यानंतर मी मुंबईला गेलो. धोबी तलावाकडे एका गल्लीत एक गोवेकर गृहस्थ गिटारी दुरुस्त करतात, थोड्याफार विकतातही, असे एका स्नेह्याने सांगितले होते. या वेळी जुनी गिटार बरोबर घेतली.

"कोणासाठी हवी?" त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले.

"माझ्यासाठी," मी म्हटले. "म्हणजे, वाजवणार मी; ऐकणार माझे थोरले भाऊ. त्यांना कमी ऐकू येतं."

ते काही वेळ बोलले नाहीत. मग माझी जुनी गिटार घेऊन तिची मान हाताने चाचपली, मोजपट्टी लावली, तारांची उंची पाहिली. "डोळे मिटून वाजवा," म्हणाले. मी वाजवली. माझ्या हातांकडे ते शिंपी ग्राहकाच्या खांद्यांकडे बघतो तसे बघत होते.

"तुम्ही बोटांनी वाजवता, आणि दाबता लोहारासारखं," ते शेवटी म्हणाले. मला राग आला नाही. खरेच होते ते.

पुढचा तासभर त्यांनी मला एकामागून एक पाच गिटारी वाजवायला लावल्या, पण एकही डोळे उघडून पाहू दिली नाही. रंग मागाहून, म्हणाले. मधूनमधून ते समजावीत. मानेच्या माथ्याजवळ माझ्या गिटारची रुंदी त्रेचाळीस मिलिमीटर. पुष्कळ विजेच्या गिटारी बेचाळीसच्या असतात. एका मिलिमीटरने काय होते, असे मला वाटले होते, होते. ज्या गिटारवर मला पहिल्या सुरावटीलाच 'घरी आलो' असे वाटले ती त्रेचाळीसची निघाली. तारेची लांबीही तशीच. फेंडर पद्धतीच्या गिटारवर ती साडेपंचवीस इंच, गिब्सन पद्धतीच्यावर पाऊण इंचाने कमी. लांबी कमी की त्याच सुरासाठी ताण कमी, म्हणून तिथे थोडी जाड तार लावूनही बोटांना त्रास होत नाही. त्यांनी अकरा भागांचा संच लावायचे ठरवले आणि तिसरी तार मुद्दाम वेष्टणाची घातली. "तुमच्या बोटांना ती ओळखीची वाटेल," म्हणाले, "आणि तुम्ही लोहारकाम केलंत तरी ती सहन करील."

मी ज्या गिटारवर थांबलो ती आतून अर्धी पोकळ होती. मधोमध डोक्यापासून तळापर्यंत लाकडाचा ठोकळा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना रिकामे कोनाडे. वर व्हायोलिनवर असतात तशा दोन वळणदार फटी. गिब्सन कंपनीने १९५८ साली असली पहिली गिटार काढली. त्यांच्यापुढे पेच होता तो माझ्यासारखाच. पूर्ण पोकळ गिटार आवाज वाढवला की घुमते, आणि पूर्ण भरीव असली की पोकळीची ती ऊब जाते. म्हणून मध्ये ठोकळा, बाजूला पोकळी. अंग साध्या गिटारइतके रुंद, त्यामुळे माझ्या कोपराला टेकायला जागा मिळाली. जाडी कमी होती, पण रुंदीने ती उणीव भरून काढली. वजन साडेतीन किलोंच्या घरात. रुंद कातडी पट्टा लावून बसल्या बसल्याही तो गळ्यात अडकवायचा, म्हणजे मान झुकत नाही, ही युक्तीही त्यांचीच.

डोळे उघडले तेव्हा कळले की ती तपकिरी आहे. मधाच्या रंगाची म्हणा. घरी सौभाग्यवतींनी रंगाबद्दल अवाक्षर काढले नाही. "बघू, काय वाजवता ते," म्हणून त्या समोर बसल्या, त्यावरूनच मी काय ते ओळखले.

या खरेदीच्या निमित्ताने मी थोडे वाचले आणि एक गोष्ट मला फार आवडली. विजेची गिटार ही गोंगाटासाठी जन्मली असे आपण समजतो. तसे नाही. एकोणीसशे तिशीच्या आगेमागे अमेरिकेत नाचाच्या मोठाल्या वाद्यवृंदांमध्ये कर्णे आणि ढोल यांच्यापुढे बिचाऱ्या गिटारवाल्याचे काही ऐकूच जात नसे. त्यातून तारेखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवण्याची कल्पना निघाली. पोलादी तार त्यावर थरथरली की वेटोळ्यात क्षीण वीज खेळते, आणि ती वाढवून कर्ण्यातून काढायची. रिकनबॅकर यांच्या कारखान्यातली पहिली अशी गिटार १९३२ च्या सुमारास बाजारात आली. तिचा आकार पाहून लोकांनी तिला 'फ्राइंग पॅन' म्हटले. आपण तवा म्हणू. आणि गंमत अशी की ती मांडीवर घेऊन वाजवायची हवाई गिटार होती, म्हणजे आमच्या ओसरीवरच्या रेडिओतलीच. १९३६ साली गिब्सनने नेहमीच्या पोकळ गिटारलाच पिकअप लावून ती बाजारात आणली, आणि १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन हा तरुण बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात तसली गिटार घेऊन बसला तेव्हा कर्णेवाल्यांना प्रथमच मागे वळून पाहावे लागले. भरीव फळीची गिटार एकोणीसशे पन्नाशीत घाऊक प्रमाणात करणारे लिओ फेंडर हे तर रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ; त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. एकूण काय, ऐकू येत नाही या साध्या तक्रारीतून हे सारे प्रकरण उभे राहिले. आमच्या घरातही नेमके तसेच झाले.

श्रावणात मी मढला निघालो. पुण्याहून एसटीने नारायणगाव, आळेफाटा, ओतूर असे जायचे. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग यांचे गाव. तिथे कंडक्टरने माझी ती लांबट पेटी आणि पंधरा वॅटचा छोटा ध्वनिवर्धक पाहून अदबीने विचारले, "कुठल्या फडात असता, बाबा?" मी या वेळी खरे तेच सांगितले. खरे म्हणजे फडातला मानला गेल्याचा मला थोडा अभिमानच वाटला होता.

भाताची आवणी आटोपली होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे एवढं मोठं खोकं कशाचं?" दादांनी पेटी उघडायला लावली. गिटार उलटीसुलटी पाहिली, फटींतून आत डोकावले. "आत रिकामी हाय," त्यांनी समाधानाने मान हलवली. भरीव वाद्यावर त्यांचा विश्वास नाही. पखवाज रिकामा, वीणा रिकामी, मग गिटारनेच काय पाप केले?

पहिली संध्याकाळ फजितीची गेली. पुतण्याने उत्साहाने ध्वनिवर्धकाचा आवाज चढवला. मी तार छेडली आणि दादा दचकून खाटेवर उठून बसले. "तव्यावर उलथनं घासतोयस का?" म्हणाले. कमी ऐकणाऱ्याला मोठा आवाज हवा, ही आमची समजूत अर्धीच खरी होती. असल्या कानांना लहान आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा एकदम अंगावर येतो. मधली पायरीच नाहीशी झालेली असते. मी आवाज उतरवला आणि पुलाकडचा पिकअप बंद करून मानेकडचा चालू केला. तिथे तार ऐसपैस हलते, म्हणून सूर भरदार आणि मऊ निघतो. उंच स्वर खुंटी फिरवून कापून टाकले. दादांच्या आलेखात तो प्रदेश गेलाच होता. तिथे माल पाठवून उपयोग काय? ध्वनिवर्धक दादांच्या उशाशी नेला. मी त्याच्या फार जवळ बसलो तेव्हा माझ्या गिटारने बारीक शिट्टी मारली, आणि त्याच क्षणी दादांनी हात लावल्यामुळे त्यांच्या कानातल्या यंत्रानेही.

"तुझ्या वाद्यालाबी कमी ऐकू येतंय वाटतं," दादा म्हणाले.

शिट्टीमागचे कारण दोन्हीकडे एकच. आपलाच आवाज आपल्याच कानात परत शिरणे. मी दोन हात मागे सरकलो, दादांनी यंत्र काढून डबीत ठेवले, आणि मग मी हळूहळू ती पाडव्याची अर्धी राहिलेली चाल घेतली. दादांनी डोळे मिटले. खाटेच्या कडेवर त्यांची बोटे ताल धरू लागली आणि तो ताल माझ्या हाताबरोबर होता, ना मागे ना पुढे. वहिनी सुपारी कातरायच्या थांबल्या.

दुसऱ्या संध्याकाळी माळशेजचा पाऊस खाली उतरला. पत्र्यावर असा मारा की मला माझाच आवाज ऐकू येईना. आणि जेवणे होतात न होतात तोच वीज गेली. पुतण्या तार तुटली का ते पाहायला बाहेर गेला. वहिनींनी कंदील लावला. मी गिटार पेटीत ठेवू लागलो.

"का रं?" दादांनी विचारले.

मी दिव्याकडे बोट दाखवले, ध्वनिवर्धकाकडे दाखवले, हात हलवला. त्यांनी ते पाहिले आणि खाटेवरून उठून माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसले. गुडघे दुखतात म्हणून ते हल्ली खाली बसत नाहीत, पण बसले. "वाजीव," म्हणाले.

पाऊस जरा ओसरला होता. अर्ध्या पोकळ गिटारला विजेवाचूनही थोडा आवाज असतो. साध्या गिटारच्या मानाने अगदीच तोकडा. माझ्या मला ऐकू येण्याइतका. मी तार छेडली. दादांनी आधी गिटारच्या वरच्या खांद्यावर तळहात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. मग थोडे वाकून त्यांनी आपला जबडा तिथे टेकवला, गाल लाकडाला लावून. त्यांचे पांढरे खुंट वार्निशावर घासल्याचा आवाज मला ऐकू आला. माझा हात अवघडला होता, त्यांचे डोके माझ्या दंडाला लागत होते, पण मी हललो नाही. एक सुरावट वाजवली, मग दुसरी.

ते किती तरी वेळ तसेच राहिले. मग त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली. अभंगाचा मुखडा. आवाज थकलेला, पण सूर नेमका माझ्या पट्टीतला. वहिनी कंदील घेऊन जवळ आल्या आणि उभ्याच राहिल्या. पहिले कडवे झाले, दुसरे झाले.

तिसऱ्या कडव्याच्या आधी दादा थांबले. डोके न उचलता, डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले,

"बापू, तिसरी तार उतरलीय."

मी कान लावला. नव्या तारा पहिले काही दिवस ताणत जातात आणि उतरतात. तिसरी तार उतरली होती. अगदी किंचित. मला कळले नव्हते.